कॅलेंडर स्वतःच्या संगणकावर आणून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स.न.वि.वि.

स्वतःच्या संगणकावर ठेवलेलं कॅलेंडर फोनवरही दिसावं म्हणून रॅडिकेल, डॅव्हएक्स५ आणि इटार ही तीन मुक्त (सोर्स कोड सर्वांना खुला असलेली) ॲप्स बसवताना तुम्ही केलेल्या मदतीबद्दल हे आभारपत्र. जाहीर लिहितो आहोत, कारण तुम्ही सांगितलेलं इतरांच्याही कामी येईल.

मुख्य आभार एका गोष्टीचे. कुठलीही कमांड देण्याआधी तुम्ही कामांची वाटणी समजावलीत: रॅडिकेल संगणकावर कॅलेंडरच्या नोंदी साठवतं, डॅव्हएक्स५ त्यांची फोनशी ने-आण (सिंक) करतं, इटार त्या फोनवर दाखवतं आणि बदलू देतं. हे कळलं की बिघाड शोधणं सोपं. रॅडिकेलच्या वेबपानावर नोंद दिसते पण फोनवर नाही, तर आधी डॅव्हएक्स५ मध्ये ते कॅलेंडर निवडलंय का पाहायचं. तिथे सिंक नीट झालंय आणि इटार तरी कोरं, तर इटारच्या सेटिंग्जमध्ये ते कॅलेंडर बंद असणार.

रॅडिकेल बसवताना डेबियन १२ या लिनक्सवर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारी कमांड) सरळ नकार देतं, कारण सिस्टिमचं पायथन पॅकेज मॅनेजरच्या ताब्यात असतं. जबरदस्तीचा पर्याय वापरू न देता तुम्ही वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमपासून अलग असा पायथनचा फोल्डर) करायला लावलंत, ते योग्यच. पासवर्डची फाइल एचटीपासडब्ल्यूडी कमांडने बनवताना 'सी' (-c) हा पर्याय फक्त पहिल्या वापरकर्त्यासाठी, ही सूचना तर मोलाची. दुसऱ्या वेळी तोच पर्याय दिला तर फाइल नव्याने लिहिली जाते आणि पहिल्याचं खातं उडतं.

फोन जोडला जात नाही, ही सगळ्यांची तक्रार. रॅडिकेल मुळात फक्त स्वतःच्याच संगणकाचं ऐकतं. रॅडिकेलच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलमधल्या सर्व्हर विभागात होस्ट्सपुढे ०.०.०.०:५२३२ लिहायचं, म्हणजे ते इतर यंत्रांचंही ऐकतं, फायरवॉलमध्ये ५२३२ पोर्ट उघडायचं आणि फोनमध्ये संगणकाचा आयपी पत्ता द्यायचा. तिथे 'लोकलहोस्ट' लिहिलं तर फोन स्वतःलाच शोधत बसतो. राउटरमध्ये तो आयपी राखून ठेवला नाही, तर एखाद्या रीस्टार्टनंतर पत्ता बदलतो आणि सिंक थांबतं. हे सगळं घरच्या नेटवर्कपुरतं. बाहेरून जोडायचं तर एचटीटीपीएस हवंच, नाहीतर पासवर्ड वाटेत कुणालाही वाचता येतो. युजर सर्व्हिस म्हणून (वापरकर्त्याच्या खात्यातून पार्श्वभूमीवर) चालवलेलं रॅडिकेल लॉगआउट केल्यावर बंद पडतं, त्यावर लिंगर (लॉगआउटनंतरही सर्व्हिस चालू ठेवणारी सेटिंग) चालू करण्याचा उपायही तुमचाच.

जुन्या नोंदी आणताना तुम्ही आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची साधी मजकूर-फाइल) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायला लावलीत. अनेकांना हा नसता उद्योग वाटेल, पण सगळ्या नोंदी सारख्याच अंतराने सरकल्या असतील तर कारण तिथेच सापडतं. वेळेच्या शेवटी 'झेड' (Z) असेल तर ती यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, टीझेडआयडी (TZID, वेळ-क्षेत्राचं नाव) असेल तर त्या क्षेत्राची, आणि दोन्ही नसेल तर फोन असेल तिथली स्थानिक वेळ. दिवसभराच्या नोंदीत शेवटची तारीख मोजत नाहीत. १२ तारखेला संपणाऱ्या शिबिरासाठी फाइलमध्ये १३ लिहावी लागते. आरएफसी ५५४५ या आयसीएस फाइलींच्या मानकाचा नियमच तसा आहे, पण घरगुती स्क्रिप्टने बनवलेल्या फाइली हमखास इथेच एक दिवस गिळतात.

करायच्या कामांची यादी इटार दाखवत नाही, त्यासाठी टास्क्स.ऑर्ग हे ॲप सुचवलंत. डॅव्हएक्स५ आणि इटार दोन्ही बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळायला लावलंत आणि अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी वेगळी द्यावी लागते, याचीही आठवण दिलीत. यांतलं काही राहिलं की आठवण उशिरा वाजते किंवा वाजतच नाही.

डॅव्हएक्स५ एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारावर मोफत आणि प्ले स्टोअरवर विकत का, असं पुष्कळजण विचारतात. सोर्स कोड मुक्तच आहे. प्ले स्टोअरवरचे पैसे बनवणाऱ्यांना मिळतात. परवडत असेल त्यांनी ते जरूर द्यावेत, हे आमचं मत.

बॅकअपचं मात्र तुम्ही दोन ओळींत उरकलंत, आणि खरंच तेवढंच आहे: रॅडिकेल प्रत्येक नोंद वेगळ्या आयसीएस फाइलमध्ये ठेवतं, तेव्हा त्या फाइलींचा 'कलेक्शन्स' हा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला की झालं.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
तुमच्या मदतीने कॅलेंडर चालवणारे आम्ही सगळे