घाईत केलेली सही

संपादक महोदय,

मोटार अपघातानंतर पहिली धडपड असते ती गाडी लवकर दुरुस्त होऊन हाती यावी याची. नेमक्या याच घाईत ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’च्या कागदावर सही होते. त्या सहीचा अर्थ साधारणपणे असा, की या अपघाताबद्दल यापुढे काहीही मागणार नाही. त्या बदल्यात मिळणाऱ्या भरपाईच्या रकमेत पत्रा, बंपर, दिवे धरलेले असतात. पण मानेला बसलेला हिसका कधीकधी दोन दिवसांनी दुखू लागतो. मग उपचारांचा खर्च कुणाकडे मागायचा? म्हणून वाहनाचा आणि शारीरिक इजेचा दावा वेगळा ठेवता येतो का, हे आधी विचारावे. डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत सही लांबवायला लाजू नये.

‘विमा आहे ना, मग काळजी कसली’ हाही भ्रमच. फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च खिशातूनच करावा लागतो. सर्वसमावेशक विम्यातही सुट्या भागांवर अनेकदा घसारा, म्हणजे वापरामुळे कमी झालेली किंमत, कापला जातो.

आणखी एक. भांडण मिटवण्यासाठी रस्त्यातच ‘चूक माझी’ असे लिहून देऊ नये. विमा कंपनीच्या संमतीशिवाय दोष कबूल करण्यास अनेक पॉलिसींमध्ये मनाई असते. ही अट मात्र शेवटच्या पानांवर, भिंग लावून वाचावी अशी! जाहिरातीतली अक्षरे कधी एवढी बारीक नसतात. दावा नाकारला जाऊ शकेल अशी कलमे पहिल्याच पानावर ठळक छापण्याची सक्ती नियामकांनी कंपन्यांवर करावी.

— एक वाचक