पहिल्या वर्षाला हात द्यायला वरच्या वर्षाची मुलं आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. यंदाचं एकविसावं वर्ष. मी बारावीपर्यंत शिकलो, इंजिनिअरिंगमधलं मला काही कळत नाही. पण कोणत्या महिन्यात पोरं कशाच्या झेरॉक्स काढतात, त्यावरून त्यांचं काय चाललंय ते कळतं. आधी कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांची कागदपत्रं, मग असाइनमेंट, परीक्षेच्या आदल्या रात्री जुन्या प्रश्नपत्रिका आणि निकालानंतर बॅकलॉगचे, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा द्यायचे फॉर्म. त्या फॉर्मांवर सगळ्यात जास्त वेळा एकच नाव असतं, एम-वन. म्हणजे पहिल्या सत्राचं गणित. त्याखालोखाल मेकॅनिक्स.

गेल्या वर्षीच्या निकालानंतरची गोष्ट. पेठ तालुक्यातला एक मुलगा एम-वनच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मोबाइलवर घेऊन छापायला आला. दहावीपर्यंत आश्रमशाळेत, मराठी माध्यमात शिकलेला. एकेक पान मशीनमधून बाहेर पडलं की उचलून बघायचा. सगळी गणितं लिहिली होती आणि बहुतेकांवर शून्य होतं. शेजारी शेवटच्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्टच्या रिपोर्टला स्पायरल घालून घ्यायला उभी होती. तिनं विचारलं, "दाखव बरं." एक्सचा वर्ग गुणिले वायचा घन, याचं एक्सच्या संदर्भात पार्शल डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फक्त एक्स बदलला तर उत्तर किती दरानं बदलतं ते, काढायचं होतं. पठ्ठ्यानं एक्सचंही काढलं होतं आणि वायचंही. तिनं माझ्याकडून वाया गेलेला कागद घेतला, काउंटरच्या काचेवर ठेवला आणि म्हणाली, "एक्सची पाळी असते तेव्हा वायला हात लावायचा नाही. तो नुसता आकडा आहे, पाच किंवा सात, असं समज." मग त्याच्याकडून चार गणितं करून घेतली. दोन चुकली, पुढची दोन बरोबर आली. सगळं मिळून वीस मिनिटं. तो मुलगा म्हणाला, "ताई, एवढंच होतं?"

ते 'एवढंच' मला फार लागलं. सहा महिने तो वर्गात बसला होता. साठ जणांच्या वर्गात इंग्रजीतून शंका विचारायची त्याची हिंमत झाली नाही. क्लास लावायचा तर एका विषयाला हजारांत पैसे. शिवाय शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेला, तो हजर झाला तेव्हा पहिलं युनिट शिकवून संपलेलं.

महाविद्यालयात मदतीची सोय नाही असं नाही. कागदावर आहे. एकेका शिक्षकाकडे वीसेक मुलं सोपवलेली असतात, त्याला मेंटॉर म्हणतात. त्याचे फॉर्म माझ्याकडेच झेरॉक्स होतात. घरचा पत्ता, वडिलांचा व्यवसाय, हजेरी, अडचणी, सही. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार असली की एकाच दुपारी शेकड्यानं फॉर्म नेतात आणि अख्ख्या वर्षाच्या सह्या त्याच आठवड्यात होतात. मी शिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत, तास संपला की दुसऱ्या कॉलेजची बस धरतात. पण 'अडचणी'समोरचा रकाना मी इतकी वर्षं कोरा बघतोय. भरलेला पाहिला तो एकदाच. एका मुलीनं ग्राफिक्स, म्हणजे तांत्रिक आकृत्या काढायच्या विषयाबद्दल लिहिलं होतं, 'ग्राफिक्समध्ये आकृती डोळ्यांसमोर येत नाही.' तिला नंतर कुणी बोलावलं का, मला माहीत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गरीब पोरांना कष्ट करून शिकायला लावलं. त्याच विचाराची 'कमवा आणि शिका' योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आज कर्मवीरांच्या नावानं चालवतं. त्यात मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि तासावर मानधन घेतात. ती कामंही हवीतच. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या ज्या मुलामुलींना एम-वन, मेकॅनिक्स, ग्राफिक्स नीट येतं, त्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांपाशी रोज दोन तास बसवा आणि तेच त्यांचं काम धरा. भाषण नको, फळा नको. मुलानं आपली वही आणायची, कुठे अडलं ते दाखवायचं, मराठीत विचारायचं. मास्तरांना विचारायला जीभ अडखळते, ताई-दादाला विचारायला अडखळत नाही, हे मी काउंटरवर रोज बघतो.

वेळेचं मात्र नीट बघावं लागेल. संध्याकाळी सहानंतर ठेवलं तर होस्टेलच्या मुलांचीच सोय होईल. निफाड, सिन्नरहून एसटीनं ये-जा करणारी मुलं पाचच्या गाडीला पळतात, आणि त्यांच्यात मुली पुष्कळ. शासनानं २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. तेव्हापासून माझ्याकडे खेड्यातल्या मुली जास्त येऊ लागल्या आहेत. त्यांच्यासाठी हे दोन तास वेळापत्रकातच, दुपारच्या सुट्टीला लागून हवेत. आणि सुरुवात पहिल्या आठवड्यापासून हवी, नापास झाल्यावर नको. उशिरा प्रवेश घेतलेल्यांना तर सुटलेलं युनिट आधी शिकवून मगच वर्गात बसवावं.

पूर्वी परीक्षेच्या दिवसांत मी मायक्रो झेरॉक्स, म्हणजे कॉपीसाठी लपवता येतील अशा बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या, काढून द्यायचो. चांगले पैसे मिळायचे. एकदा कॉपी करताना पकडलेल्या मुलाचे वडील गावाहून आले आणि माझ्याच बाकावर रडत बसले, त्या दिवसापासून बंद केलं. आता कुणी मागायला आला की विचारतो, कोणत्या विषयाची? उत्तर बहुतेक वेळा एम-वनच असतं.

पेठचा तो मुलगा मे महिन्यात एम-वन सुटला. आता स्वतःच इतरांना काउंटरवर समजावतो. पण माझं काउंटर साडेतीन फुटांचं आहे, गिऱ्हाईक आलं की त्यांना उठावं लागतं. महाविद्यालयानं एक खोली, एक पंखा आणि चार बाकं द्यावीत. कच्चं गणित करायला एका बाजूनं कोरे कागद मी वर्षभर फुकट पुरवीन.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार, नाशिक