सूचना : ‘दुसरा चंद्र’ हा शब्दप्रयोग टाळण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कामोओआलेवा या लघुग्रहाविषयी शाळांमध्ये बोलताना किंवा फलक लिहिताना त्याला ‘पृथ्वीचा दुसरा चंद्र’ असे कृपया संबोधू नये. २०१६ साली हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीने शोधलेला, अंदाजे ४० ते १०० मीटर आकाराचा हा खडक सूर्याभोवतीच फिरतो. मात्र त्याची प्रदक्षिणा पृथ्वीप्रमाणेच सुमारे वर्षभरात पूर्ण होत असल्यामुळे तो निम्मे वर्ष आपल्या पुढे, तर निम्मे वर्ष मागे असतो आणि आपल्याभोवती घिरट्या घालत असल्यासारखा भासतो. तो चंद्राच्या अंतराच्या सुमारे ३८ पटींहून जवळ येत नाही, हेही पालकांना आवर्जून सांगावे.

मुलांना हे शब्दांपेक्षा कृतीतून लवकर उमगते. अंगणात मधोमध स्टुलावर दिवा ठेवावा, एका मुलाला त्याभोवती खडूच्या वर्तुळावरून आणि दुसऱ्याला किंचित लांबट वर्तुळावरून, दोघांची फेरी एकाच वेळी संपेल अशा बेताने चालवावे. पहिल्याला आपला सोबती कधी पुढे, कधी डावीकडे, कधी मागे गेलेला दिसेल.

हा लघुग्रह अत्यंत अंधुक असल्याने आपल्या दुर्बिणींतून तो दाखवण्याचे आश्वासन कोणीही देऊ नये. त्याऐवजी, तेथील माती आणण्यासाठी चीनने मे २०२५ मध्ये सोडलेल्या थ्यानवेन-२ यानाची माहिती द्यावी. या लघुग्रहाचा वर्णपट (त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशातील रंगांची मांडणी) चंद्रावरील खडकांशी जुळतो, त्यामुळे तो चंद्राचाच तुकडा असावा असा अंदाज आहे. तो अंदाज म्हणूनच सांगावा.