किनाऱ्याचा दोष नाही

मा. संपादक, स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जर्मन लेखक टॉमस मान यांच्या ‘डेथ इन व्हेनिस’ (1912) या लघुकादंबरीवर आलेल्या लेखात तिला ‘उतारवयातील प्रेमकथा’ म्हटले असून, समुद्रकिनाऱ्यावरील मुक्कामाने एका प्रतिष्ठित संगीतकाराचा घात केला, असा निष्कर्ष काढला आहे. रामबागेतील आमच्या वाचनमंडळात हे पुस्तक नुकतेच वाचून झाल्यामुळे लिहिण्याचे धाडस करतो.

प्रथम एक दुरुस्ती. नायक आशेनबाख संगीतकार आहे तो दिग्दर्शक विस्कोन्ती यांनी या पुस्तकावर काढलेल्या 1971 च्या चित्रपटात; पुस्तकात तो लेखकच आहे, उमरावपद मिळालेला आणि शाळांच्या क्रमिक पुस्तकांत उतारे असलेला. ज्या चौदा वर्षांच्या पोलिश मुलामागे तो गल्लीबोळांतून हिंडतो, त्याच्याशी तो शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही. याला प्रेमकथा कसे म्हणावे? किनाऱ्यालाही दोष देता येत नाही, कारण हवा सोसेना म्हणून तो एकदा निघतो, सामान चुकून कोमोला रवाना होते आणि तेवढे निमित्त मिळताच तो मनातून आनंदून परततो.

कथेचा कणा मला वाटतो तो पुढे आहे. व्हेनिस शहरात पटकी म्हणजे कॉलरा (आपण इंदूरकर हिंदीच्या संगतीने तिला हैजा म्हणतो) पसरली आहे, गल्ल्यांत जंतुनाशक कार्बॉलिकचा वास भरला आहे, आणि हॉटेलांचा धंदा बुडेल, नुकतेच उघडलेले चित्रप्रदर्शन ओस पडेल, या भीतीने अधिकारी ती नाकारत राहतात. मान 1911 मध्ये स्वतः तेथे राहिले होते आणि त्या वर्षी इटलीत ही साथ खरोखरच होती. (रोगाचा उगम सांगताना ते गंगेच्या मुखाकडील जंगल आणि बांबूच्या बेटातला वाघ उभा करतात, तेव्हा भारतीय वाचक जरा अवघडतो, युरोपातल्या विकाराला पूर्वेचा पत्ता देण्याची ती जुनीच खोड.) प्रवासी कंपनीतला एक इंग्रज कारकून आशेनबाखला सारे खरे सांगतो आणि लगेच निघण्याचा सल्ला देतो. मुलाच्या आईला सावध केले पाहिजे, हे आशेनबाखला कळते. पण ती मंडळी गेली तर मुलगा दिसणार नाही, म्हणून तो गप्प राहतो. अधिकारी पैशासाठी गप्प, हा आपल्या वेडापायी. न्हाव्याकडून केस काळे करून घेण्याच्या प्रसंगाला आपल्या लेखकाने अर्धा स्तंभ दिला आहे, त्या कारकुनाला मात्र एक ओळही नाही.

आशेनबाखची प्रतिष्ठा धुळीस मिळाली, हे लेखातील शेवटचे विधानही पुस्तकाला धरून नाही. तो किनाऱ्यावरच्या खुर्चीत मरतो, आणि त्याच दिवशी जग ती वार्ता हळहळून, आदराने ऐकते.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर