दावण नसलेले घोडे

लव्हेल, वायोमिंग
जुलै

प्रिय राजाभाऊ,

सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणापासून घोडे बघणारा माणूस मला विचारतो, "तिकडे डोंगरावर रानटी घोडे बघायला दर उन्हाळ्यात कशाला तडफडतोस?" फोनवर नुसता हसलो, कारण नेटवर्क जात-येत होतं आणि उत्तर लांबलचक होतं. आता मोटेलात बसलोय. बाहेर पाऊस लागलाय, वरचा रस्ता चिखलाने बंद. तेव्हा घे उत्तर.

आपण यात्रेत घोडा कसा बघायचो ते आठव. तुझे आजोबा आधी ओठ उचलून दात बघायचे, मग देवमण म्हणजे गळ्यावरचा शुभ भोवरा, मग केसांचे बाकीचे भोवरे, मग चारी पाय आणि शेवटी चाल. कुठल्या घोड्याशेजारी कुठला घोडा उभा आहे, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसायचं. ते दावणीवर ठरायचं. इथे दावण नाही. म्हणून इथे पहिली बघायची गोष्ट तीच: कोण कोणाजवळ उभं राहतं.

प्रायर पर्वत म्हणजे मोंटाना आणि वायोमिंगची हद्द. खाली लाल मातीचा रखरखाट, वर साडेआठ हजार फुटांवर हिरवी कुरणं. राखीव क्षेत्र सुमारे ३८ हजार एकरांचं. साठच्या दशकात सरकारने हे घोडे इथून हलवायचा घाट घातला, तेव्हा या लव्हेल गावातली माणसं हटून बसली. १९६८ मध्ये सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरिअर खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडॉल यांनी डोंगर घोड्यांसाठी राखून ठेवला. देशभरातल्या रानघोड्यांसाठीचा कायदा त्यानंतर, १९७१ मध्ये आला. इथल्या घोड्यांचं रक्त तपासलं तेव्हा स्पॅनिश लोकांनी आणलेल्या जुन्या वाणाशी नातं निघालं. ते अंगावर दिसतंही: आयाळीपासून शेपटीपर्यंत पाठीवर सरळ काळा पट्टा, पुष्कळांच्या पायांवर आडव्या रेघा. उंची बेताची, खूर दगडासारखे.

उन्हाळ्यात बहुतेक टोळ्या माथ्यावर येतात, आणि माझ्यासारख्याला एका जागी बसून सगळं गाव दिसतं. टोळी म्हणजे साधारण एक घोडा, दोन-तीन घोड्या, त्यांची शिंगरं. ज्यांना अजून घोडी मिळाली नाही किंवा जे सगळं गमावून बसलेत, त्या सडेफटिंगांचा वेगळा कंपू. पोरगेलेसे असतात ते दिवसभर मस्ती करतात. एकमेकांच्या गुडघ्यांना चावे, मागच्या पायांवर उभं राहणं, आणि मधेच शेजारच्या टोळीकडे चोरटी नजर.

कॅलेंडरवर दिसते तशी मारामारी फार कमी होते. परवाचंच सांगतो. दोन टोळ्यांचे घोडे एका जुन्या लिदीच्या ढिगावर समोरासमोर आले. दोघांनी माना कमानदार केल्या. आधी ढीग हुंगला, मग एकमेकांच्या नाकपुड्या. एकाने कर्कश किंचाळून पुढचा पाय आपटला. मग पहिल्याने पाठ फिरवून ढिगावर लीद टाकली, वळून हुंगली आणि बाजूला झाला. दुसऱ्याने त्यावर आपली टाकली, हुंगली. संपलं. दोघे दुडक्या चालीने आपापल्या घोड्यांकडे परत. आपल्याकडे बांधाचे खटले इतक्यात मिटले असते तर!

आता मूळ मुद्दा. मी ज्या टोळीच्या मागे असतो तिच्या घोड्याला मी पाटील म्हणतो. घोसाळीच्या काळ्या बियांसारखे डोळे, मानेवर जुन्या चाव्यांचे वण. त्याच्याकडे दोन मोठ्या घोड्या: एक पिवळसर बदामी, तिचं नाव आत्याबाई, आणि एक राखाडी, ती सावळी. मागल्या वर्षी एक तरणा घोडा या टोळीच्या मागे लागला. लढला असं नाहीच. नुसता मागे मागे. पाटील पाण्यावर गेला की हा शंभर पावलांवर उभा. पाटील मान जमिनीलगत लांबवून, कान मागे पाडून घोड्यांना हाकायचा, तेवढ्या वेळात हा आणखी पन्नास पावलं पुढे. यंदा येऊन बघतो तर दोन्ही घोड्या त्या तरण्याकडे, आणि पाटील सडेफटिंगांत. बरगड्या दिसतायत. तरी रोज एकदा जुन्या टोळीच्या दिशेने तोंड करून उभा राहतो. वयस्क घोड्यांच्या नशिबी बहुधा हेच येतं.

पण गंमत पुढे आहे. मालक बदलला, तरी आत्याबाई आणि सावळी तशाच. दुपारी माश्या वाढल्या की दोघी उलट्या तोंडांनी शेजारी उभ्या राहतात, हिची शेपटी तिच्या तोंडावर, तिची हिच्या. मग एकमेकींची मान, आयाळ संपते तिथे, दातांनी खाजवतात. डोळे अर्धे मिटतात, खालचा ओठ लोंबतो. नेमक्या त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. नवा घोडा त्या दोघींमध्ये घुसायला गेला, तर सावळीने कान पाडून मागचा पाय नुसता उचलला. तो निमूटपणे बाजूला झाला. टोळी कधी हलायची, पाण्यावर कुठल्या वाटेने उतरायचं, हेही बरेचदा आत्याबाईच ठरवते. हा आपला शेपटीकडे राखण करत.

न्यूझीलंडमधल्या कायमानावा रानघोड्यांवर एक अभ्यास झालाय. तिथे ज्या माद्यांची आपसात मैत्री घट्ट, त्यांना नर घोड्याचा जाच कमी आणि त्यांची शिंगरं जास्त जगतात. त्या घोड्या एकमेकींच्या नात्यातल्या असायला हव्यात असंही नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. माझं मत विचारशील तर टोळीला घोड्याचं नाव देणं हीच चुकीची पद्धत आहे. तो आला-गेला; टोळी माद्यांची.

मात्र ही नाती दगडावरची रेघ नाहीत. सावळीची दोन वर्षांची तांबूस पोर माजावर आली आणि स्वतःहून दुसऱ्या टोळीत निघून गेली. पोरी अशाच जातात, त्यामुळे बापाशी जोडी जमत नाही. तिथे तिला कुणी जवळ केलं नाही. आठवडाभर ती कडेकडेने चरत होती. आता एका म्हाताऱ्या घोडीच्या बाजूला उभी राहायला लागलीय. कधी कधी घोडेही दोघे मिळून टोळी सांभाळतात. दुय्यमाला इथे लेफ्टनंट म्हणतात. तो बाहेरच्यांशी भिडतो, मुख्य घोडा माद्यांजवळ राहतो. काही शिंगरं लेफ्टनंटचीही निघतात, तेव्हा त्याचा सौदा अगदीच तोट्याचा नाही.

माणसाचा हात इथेही आहेच. कुरण मर्यादित, लांडगे नाहीत, पहाडी सिंह म्हणजे प्यूमा थोडीफार शिंगरं मारतो तेवढंच. म्हणून घोड्या व्यायला नयेत यासाठी डार्ट मारून लस देतात, आणि अधूनमधून काही घोडे पकडून विकतात. लसीला माझा विरोध नाही. हेलिकॉप्टरने हाकलण्यापेक्षा ती शंभरपट बरी. पण नॉर्थ कॅरोलिनाच्या शॅकलफोर्ड बेटावर दिसलं की लस दिलेल्या घोड्या जास्त वेळा टोळ्या बदलतात. गाभण न राहिल्याने त्या पुन्हा पुन्हा माजावर येत राहतात आणि एका जागी ठरत नाहीत. पकडताना दोघींतली एकच नेली तर मागे राहिलेलीचं काय, हा हिशेब कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तुला यायचं असेल तर जुलैच बरा. जूनपर्यंत वर बर्फ असतो. बिलिंग्जला उतर, मी न्यायला येतो. गाडी उंच आणि चारी चाकांची लागते, आणि घोड्यांपासून शंभर फूट लांब राहायचा नियम आहे, तेव्हा दात बघायची हौस घरी ठेवून ये. जाड जाकीट आण. वर दुपारीसुद्धा गारा पडतात.

आणि तुझी काठेवाडी घोडी व्यायली का? शिंगराच्या पायांचा फोटो पाठव. चारी पाय आणि तोंड पांढरं, म्हणजे पंचकल्याणी निघालं असेल तर वहिनींना माझ्याकडून पेढे सांग, आणि कुणी कितीही किंमत दिली तरी पुढच्या यात्रेपर्यंत विकू नकोस.

तुझा,
सुभाष