चि. मृण्मयीस, गाडीबद्दल

चिंचवड, रविवार रात्र

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोन ठेवताना तुझा आवाज चढला होता. ‘बाबा, मला कळतं ना सगळं,’ म्हणालीस. कळतं, यात मला शंका नाही. म्हणून परत फोन लावला नाही, लिहायला बसलो. आई म्हणाली, खोकल्याचं काही लिहू नका, ती अजून चिडेल. तसंच ठरवलंय. तू गॅरेजमध्ये सिनेमातल्या टाइम मशीनसारखी उभी करते आहेस, त्या डेलोरियन गाडीबद्दलच लिहीन.

तू पाठवलेले फोटो ओंकारकडून मोठे छापून घेतले आणि भिंग लावून पाहिले. तारखांची ती तीन ओळींची पेटी, वरची लाल, मधली हिरवी, खालची पिवळी, इतकी नेटकी झाली आहे की पत्र्याचा सांधा शोधावा लागतो. वाकवायच्या आधी कोपऱ्यात बारीक भोक पाडून घेतलंस, म्हणून तिथे पत्रा फाटला नाही. कडा हाताने कानस मारून मोडल्यास तेही दिसतं. मशीनवर मोडलेली कड वेगळी दिसते. टूलरूममध्ये नव्याने आलेल्या पोराला असा जॉब जमायला वर्ष जायचं. शेजारच्या देवधरांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, कुठून मागवली? मी म्हटलं, मागवली नाही, आमच्या मृण्मयीने घरी केली. मग ते गेल्यावरही बराच वेळ मी तो फोटो हातात धरून बसलो होतो.

तू चौथीत असशील. ‘बॅक टू द फ्यूचर’ची, म्हणजे गाडीत बसून काळात मागेपुढे जायच्या त्या सिनेमाची, सीडी लावायचीस आणि गाडी आली की ‘थांबवा, थांबवा’ ओरडायचीस. ओंकारला गोष्ट हवी असायची, पुढे काय झालं ते. तुला मागच्या बाजूच्या नळ्या मोजायच्या असायच्या. वही घेऊन टीव्हीला नाक लावून बसायचीस. मला वाटायचं, पोरीचा चष्मा वाढेल. पुढे कंपासपेटी, बंद पडलेला कॅल्क्युलेटर आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं जमवून तू जे यंत्र केलं होतंस, ते अजून माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत आई दर वर्षी बाहेर काढते आणि मी परत ठेवतो.

तेव्हा ती गाडी म्हणजे मला निव्वळ सिनेमातली करामत वाटायची. तू खरीखुरी डेलोरियन घेतलीस, बंद पडलेली का होईना, तेव्हापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतो. जॉन डेलोरियन तुमच्याच डेट्रॉइटचा, १९२५ सालचा जन्म. वडील फोर्डच्या फाउंड्रीत कामगार. फाउंड्री कामगाराचा मुलगा जनरल मोटर्समध्ये एवढा वर चढतो, ते सोडतो आणि स्वतःच्या नावाची गाडी काढतो, हे वाचून मला काय वाटलं ते तुला सांगायला नको. कारखाना उभा राहिला उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळ डनमरीला, तेही शहर दंगलींनी पेटलेलं असताना. १९८१ ते ८२ एवढाच काळ. नऊ हजारांच्या आसपास गाड्या झाल्या आणि सगळं बंद पडलं. दोन हजारांहून जास्त माणसं घरी बसली. सिनेमा आला १९८५ ला. ज्यांनी ते दरवाजे बसवले, त्यांनी आपली गाडी पडद्यावर पाहिली तेव्हा त्यांच्या हातचं काम जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मला त्या माणसांचा फार विचार येतो. तू त्यांची एक गाडी परत उभी करते आहेस याचं मला म्हणूनही बरं वाटतं.

त्यांच्याबद्दल वाचताना एक गोष्ट कळली, ती तुला ठाऊक असेलच. बाहेरचा पत्रा ३०४ स्टेनलेसचा, पण आतली बॉडी फायबरग्लासची. ती करायची पद्धत लोटस या इंग्लिश गाडी कंपनीची. काचेची चटई दोन साच्यांमध्ये बंद करायची, आतली हवा ओढून घ्यायची आणि त्या ओढीनेच रेझिन, म्हणजे पुढे घट्ट होणारा तो चिकट द्रव, आत शिरू द्यायचं. साचा बंद असल्यामुळे वाफ बाहेर कमी येते. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी डनमरीच्या कामगाराच्या नाकाशी येत नव्हतं तेवढं रेझिन आज तुझ्या नाकाशी येतंय. उघडा साचा, हातात ब्रश आणि गॅरेजचं दार बंद.

बघ, आलंच. लिहायचं नव्हतं.

स्टेनलेसबद्दल सांगतो, ते तुझ्या कामी येईल. ३०४ ला भोक पाडताना ड्रिलचा वेग कमी ठेव, दाब सोडू नकोस आणि कटिंग ऑइल दे. ड्रिल नुसतं घासत राहिलं की पत्रा तिथल्या तिथे कडक होतो, मग नवीन ड्रिलही चालत नाही. साधा लोखंडी तारेचा ब्रश त्यावर कधीही फिरवू नकोस. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढे स्टेनलेसवर गंज दिसायला लागतो. पॉलिशच्या रेघा एकाच दिशेने हव्यात. मागच्या डाव्या जाळीच्या पट्टीवर मला दोन आडव्या रेघा दिसल्या, त्या स्कॉचब्राइटने मूळ दिशेत हळूहळू ओढून काढ. वेल्डिंग मात्र बाहेरून करून घे. तुला येत नाही म्हणून म्हणत नाही. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं आणि चिनूची खोली गॅरेजच्या बरोबर वर आहे.

तुम्ही मंडळी भागांचा माग काढता ते मला सगळ्यात आवडलं. सिनेमावाल्यांनी मिळतील त्या वस्तू जोडून ते यंत्र उभं केलं आणि आता तुम्ही एकेका वस्तूचं गावठाण शोधता. अणुभट्टीचं झाकण म्हणजे डॉज पोलाराची चाकाची टोपी. शेवटी कचरा टाकून चालवतात ते यंत्र म्हणजे क्रुप्सचं कॉफी दळायचं मशीन. आणि सिनेमात काळाची उडी ज्याच्यामुळे मारता येते ते तीन नळ्यांचं फ्लक्स कपॅसिटर ज्या पेटीत आहे ती स्टॅलिन कंपनीची विजेची पेटी, म्हणजे तुमच्या मिशिगनमधलीच, बेल्डिंगची. लॉस एंजलिसच्या पीटरसन म्युझियममध्ये मूळ गाडीसमोर उभी राहून तू फोटो काढलेस आणि टोपीचा ठाऊक असलेला व्यास धरून बाकीची मापं काढलीस. हेच आम्ही करायचो. परदेशी मशीनचा मोडलेला पार्ट यायचा, ड्रॉइंग नाही, कोणी सांगणारा नाही. एक माप खात्रीचं शोधायचं आणि त्यावरून बाकीचं उभं करायचं. व्हर्नियर कसा धरायचा हे मी तुला बाल्कनीतल्या व्हाइसपाशी शिकवलं होतं. तू दोन्ही हातांनी धरायचीस, दुधाचा पेला धरावा तसा.

आणि तो वेगाचा आकडा. गाडीचा मूळ काटा ८५ मैलांवरच संपतो, अमेरिकेतल्या तेव्हाच्या नियमामुळे, आणि सिनेमात काळाची उडी मारायला तर ८८ गाठायचे असतात, म्हणून त्यांनी वेगळा डिजिटल आकडा वर बसवला. तो तू सगळ्यात आधी केलास असं निखिल म्हणाला. बाकी काही नसताना गॅरेजमध्ये नुसता आकडा पेटवून बसली होतीस म्हणे. हे ऐकून आई हसली आणि मग डोळे पुसत आत गेली.

आता त्या स्टॅलिनच्या पेटीचं. जुन्या नमुन्याची पेटी मिळाली नाही म्हणून मित्राच्या पेटीवरून सिलिकॉनचा साचा घेतलास, ठीक. सिलिकॉनची मला काळजी नाही. पण त्यात ओततेस ते दोन बाटल्यांचं पॉलियुरेथेन आहे. त्यातल्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं. सिनेमातल्या त्या पेटीवर चिकटपट्टी आहे ना, प्रकाशापासून डोळे जपा म्हणून सांगणारी? खोट्या यंत्रावरही कोणीतरी आठवणीने सूचना लावली. तुझ्या बाटलीवरची सूचना खरी आहे, बारीक अक्षरात आहे, ती वाच. मी निखिलकडून फोटो मागवून वाचली. त्याच्यावर चिडू नकोस, मीच मागितला.

शरीराने आयसोसायनेटशी एकदा वैर धरलं की पुढे अगदी थोडंसंही पुरतं. छाती आवळते, खोकला येतो, रात्री जास्त. नाकाला वास येण्याची वाट बघायची नाही, वास यायच्या आधीच अपाय झालेला असतो. तू घालतेस तो एन ९५ धुळीसाठी आहे, घासताना ठीक. वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफेसाठी रबराचा अर्धा मास्क आणि ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज लागते. ती वापरून झाली की पिशवीत हवाबंद ठेवायची आणि ठरल्या वेळी बदलायची, उघडी टांगून ठेवली तर तशीच संपते. निखिल मदतीला असेल तर त्याला दाढी काढायला सांग, दाढीवर मास्क बसत नाही. पॉलिएस्टर रेझिनचं हार्डनर आणि ते लवकर धरावं म्हणून घालतात ते कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. आणि तुझी खरी अडचण मला कळते. बाहेर बर्फ, थंडीत रेझिन धरत नाही, म्हणून हीटर लावतेस आणि दार ओढून घेतेस. पण मग ती वाफ जाणार कुठे? साचा खोक्यात ठेवून खोकं गरम कर, अख्खं गॅरेज गरम करू नकोस. नाहीतर ओतायचं काम एप्रिलपर्यंत राहू दे. गाडी चाळीस वर्षं थांबली आहे.

अण्णामामांचं तुला सांगायला नको. भोसरीच्या त्या शेडमध्ये फायबरच्या टाक्या करायचे, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने काय होणार. घरी आले की केसात, कॉलरवर ती काच चमकायची, मामी त्यांचे कपडे वेगळे धुवायची. तू लहान होतीस. गणपतीत सगळे आरती म्हणायचे तेव्हा मामा नुसते टाळ वाजवायचे आणि तू मोठ्याने विचारलं होतंस, मामा का म्हणत नाहीत? कोणीच काही बोललं नाही. मामांनी तुला जवळ घेतलं आणि टाळ तुझ्या हातात दिले. पुढच्या वर्षी ते उभेही राहिले नाहीत, लोडाला टेकून बसले होते. त्यांचा आवाज काय होता ते तुझ्या पिढीतल्या कोणाला ठाऊकच नाही. माझ्या लग्नात त्यांनी पंगतीत श्लोक म्हटला तर वाढपी थांबले होते.

काल तू खोकलीस तेव्हा मला तो खोकला ऐकू आला. एवढंच. कोरडा, मध्येच वाक्य तोडणारा. तू म्हणालीस, हवा कोरडी आहे. असेलही. तसंच असावं म्हणून मी मघापासून देवासमोर बसून आलो.

हे व्याख्यान झालं, मला कळतंय. तू अभियंता आहेस, दिवसभर स्क्रीनवर गाड्या काढतेस, माझ्याहून कितीतरी जास्त शिकलीस. रागावू नकोस. मी हे काम सोड असं म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. ओंकारचा हात या कामात नाही, त्याला ते आवडत नाही आणि मी त्याला कधी जबरदस्ती केली नाही. रिटायर झालो तेव्हा कानशी तेल लावून कापडात गुंडाळून ठेवल्या, आता कोण उघडणार म्हणून. मग तू मिशिगनहून विचारलंस, बाबा, बारीक दातांची अर्धगोल कानस तिकडून पाठवाल का? त्या दिवशी मी चालत लक्ष्मी रोडला गेलो असतो, इतका आनंद झाला होता.

ॲल्युमिनियमच्या बटणांचं ड्रॉइंग पाठव. जोशींच्या वर्कशॉपमध्ये लेथवर मला अजून कोणी नाही म्हणत नाही. मापं मिलिमीटरमध्ये दे, इंचाचं तूच बदलून घे. कडेची खरखरीत नक्षी हवी असेल तर तिरपी की सरळ ते लिही, फोटोत नीट दिसत नाही. ओंकार मार्चमध्ये येतोय तिकडे, त्याच्याबरोबर पाठवतो. मास्क मात्र तिथेच घे, मापाचा बसवून घे, इथून पाठवून उपयोग नाही.

निखिलला आशीर्वाद, चिनूला गोड पापा.

तुझे,
बाबा

ता. क. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बाटल्यांच्या सेफ्टी डेटा शीट छापून बरोबर ने आणि गॅरेजमध्ये काय काय वापरतेस ते सगळं सांग, अॅसिटोन आणि सुपरग्लूसुद्धा. नुसता खोकला सांगितलास तर ते सिरप देऊन पाठवतील. फुंकून करतात ती तपासणी, स्पायरोमेट्री, करून घे. आई विचारते आहे, तारीख कधीची मिळाली?