साहेब, आमचा शनिवार कुठे गेला?

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

माझं अकोल्यात झेरॉक्सचं दुकान आहे, शाळेच्या गेटसमोर. शाळेचं नाव सांगत नाही, पोरगी तिथंच पाचवीला आहे. 2024 मध्ये तुमच्या खात्याने जीआर काढला, आनंददायी शनिवार. पहिली ते आठवी, गोष्टी, खेळ, योगासनं, सगळं हसतखेळत. खरं सांगतो, वाचून बरं वाटलं होतं. त्या जीआरची प्रिंट मीच शाळेत नेऊन दिली, पैसेही घेतले नाहीत.

गेल्या शनिवारी गोष्ट सांगायची म्हणून पोरीने जुन्या मोज्याची बाहुली केली. डोळ्यांना माझ्या शर्टाची बटणं, एक मोठं एक बारकं, रात्री साडेदहापर्यंत बसली होती. शाळेत मॅडम म्हणाल्या ती दप्तरात ठेव, आज सराव पेपर आहे. घरी आली, जेवली नाही, पेपर माझ्यापुढे धरला आणि म्हणे, "बाबा, ही आपल्याच मशीनची रेघ आहे ना?" माझ्या मशीनच्या ड्रमला ओरखडा आहे, प्रत्येक कागदावर उजवीकडे एक काळी रेघ येते. शुक्रवारी संध्याकाळी नव्वद कॉप्या मीच काढल्या होत्या. कशाच्या आहेत ते पाहिलंही नव्हतं. आता सांगा, भांडू कोणाशी?

मॅडमला बोलत नाही. त्या बिचाऱ्या वर्ग सोडून मतदारयाद्या घेऊन फिरतात, वर माहिती भरा, लिंक भरा, आजच्या आज भरा. पण साहेब, तुम्ही एका हाताने आनंद वाटता आणि दुसऱ्या हाताने पेपर, हे कोणतं गणित? पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन, मधे घटक चाचण्या, वर 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा. पाचवीला दर विषयात 50 पैकी 18 पाहिजेत, नाही पडले तर पुन्हा परीक्षा, तिथंही गचकलं तर त्याच वर्गात बस. दहा वर्षांचं लेकरू हो!

आणि शिष्यवृत्तीची परीक्षा? आधी चौथीला होती, मग पाचवीला नेली, आता परत चौथीला आणली. एवढी तर आमच्या गल्लीतली म्हातारी खाट हलवत नाही.

आधी फार छान होतं असंही म्हणत नाही. 2010 ला शिक्षण हक्काचा कायदा आला, आठवीपर्यंत नापास नाही, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे पोराकडे वर्षभर बघून नोंदी ठेवायच्या. ऐकायला केवढं भारी. माझ्या दुकानात काय यायचं माहितीय? वर्णनात्मक नोंदींचे तयार कागद. "वक्तशीर आहे, गटात मिळून काम करतो", हेच वाक्य चाळीस पोरांना, त्यात एक पोरगा महिनाभर शाळेत फिरकलाच नव्हता. पोरांना मोकळं ठेवा म्हणजे वाऱ्यावर सोडा असं नाही ना, पण तुमच्याकडे दोनच गोष्टी, एकतर काहीच बघायचं नाही नाहीतर सारखं मोजत राहायचं. रोज वजन केल्याने बकरी लठ्ठ होते का?

बरं मोजता तेही धड नाही. चाचणीचे पेपर यूट्यूबवर उत्तरांसकट फिरले, सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. माझ्याकडे सातवीतलं पोट्टं मोबाईल घेऊन आलं, "काका याची प्रिंट द्या, उद्याचा आहे." दिली नाही. शेजारच्याने दिली असेल. आणि 2025 ला परीक्षा 25 एप्रिलपर्यंत ताणल्या, का तर राज्यभर एकच वेळापत्रक. पुण्यात बसून वेळापत्रक लावणाऱ्याला एकदा एप्रिलमध्ये अकोल्याच्या पत्र्याच्या वर्गात बसवा, मग बोलू.

जानेवारी 2024 ला केंद्राने सांगितलं, सोळा वर्षांखालच्यांना कोचिंगमध्ये घ्यायचं नाही. या इकडे, बॅनर दाखवतो, सहावीपासून फाउंडेशन, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांची आत्तापासून तयारी. बॅनरवर पोरांचे फोटो आणि खाली मार्क, बाजारभावासारखे. एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी खात्याचा, 2022 चा आकडा आहे, देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी जीव दिला, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, सतराशेच्या वर. सगळे काही परीक्षेमुळे नसतील, मान्य. पण पहिला नंबर आपला आहे ना साहेब, मग याचा सत्कार कधी?

तुमच्यातल्या किती जणांची पोरं या शाळांत आहेत हे विचारत नाही, उत्तर तुम्हालाही माहीत आहे मलाही. आणि सगळं तुमच्यावर ढकलून मी मोकळा होत नाही, परीक्षांच्या दिवसात माझा गल्ला दुप्पट होतो, त्यातूनच पोरीची फी जाते. म्हणून तर जास्त लागलं.

मागणी एवढीच, शनिवार परत द्या. आठवड्यात एक दिवस शाळेत छापील पेपर दिसला तर मुख्याध्यापकाला नाही, पेपर पाठवा म्हणणाऱ्या वरच्या साहेबाला जाब विचारा. जमेल का?

ती बाहुली काउंटरवर ठेवलीय, मशीनशेजारी. उद्या शनिवार. आत्ताच शिपाई येऊन गेला, एकशे ऐंशी कॉप्या, पाठपोट.

आपला,
अकोल्यातला एक झेरॉक्सवाला